सेंद्रिय, सावयव आणि आत्याचे सदरे

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घरात दोनच प्रसंगी मान मिळतो. एक, लग्नाच्या खर्चाचा हिशेब ठेवायला माणूस हवा असतो तेव्हा. आणि दुसरा, बँकेकडून कुणालाच न समजणारे पत्र येते तेव्हा. एरवी ‘सायन्सला मार्क कमी पडले वाटतं?’ या प्रश्नाला उत्तरे देण्यातच त्याचा जन्म जातो. मला मात्र २०२५ च्या जूनमध्ये तिसरा एक प्रसंग लाभला. शहापूरच्या माझ्या आत्याने मला कापड शोधण्याच्या कामगिरीवर नेमले. हे कापड गरोदर बायकांच्या सदऱ्यांसाठी हवे आहे, हे तिने आमच्या अंगणात, माझे दोन मित्र सायकली धरून उभे असताना, खड्या आवाजात सांगितले. त्यानंतर आठ दिवस मी त्या मित्रांच्या वाटेलाही गेलो नाही.

आत्याकडे तीन मशिनी आहेत. एकीवर ती स्वतः बसते, बाकीच्या दोहोंवर गल्लीतल्या दोघीजणी. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश हा तिचा नेहमीचा धंदा. सदऱ्यांची सुरुवात झाली ती माझ्या वहिनीमुळे. वहिनी हायस्कूलमध्ये शिकवते. मार्च-एप्रिलमध्ये, ऐन परीक्षांच्या दिवसांत, तिला सातवा महिना होता. साडी सांभाळत तीन तास उभे राहणे जमेना म्हणून दादाने एका मोठ्या दुकानातून खास गरोदरपणातले दोन सदरे आणले. बाहेरच्या चिठ्ठीवर ‘कॉटन फील’ असे झोकात लिहिले होते. चार दिवसांत वहिनीच्या पाठीवर घामोळे उठले. तेव्हा आत्याने आतली शिवण उलटी करून बारीक अक्षरातली पट्टी वाचायला लावली. कापड पॉलिएस्टरचे होते. स्पर्श कापसासारखा, कापूस नव्हे! छापणाऱ्याने खोटे एकही अक्षर लिहिले नव्हते आणि खरेही सांगितले नव्हते. लेबल नावाच्या वस्तूशी माझी पहिली ओळख झाली ती अशी.

आत्याने मग सुती कापडाचा सदरा शिवला. तो शिवताना तिने मला जे दाखवले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. अशा सदऱ्याचा पुढचा भाग मागच्यापेक्षा अडीच इंच लांब कापावा लागतो. नाहीतर पोट वाढले की पुढची कड वर चढते आणि सदरा तोकडा दिसतो. छातीखाली चुण्या घालायच्या, म्हणजे पुढच्या महिन्यांचा झोळ आधीच शिलकीत राहतो. दोन्ही कुशींना बंद, म्हणजे हवा तेवढा आवळता येतो. आणि बटणपट्टीच्या आत आणखी एक झाकलेली फट, म्हणजे बाळंतपणानंतर तोच सदरा बाळाला पाजतानाही उपयोगी पडतो. वहिनीच्या शाळेतल्या आणखी चौघीपाचजणींनी तो सदरा पाहिला आणि आत्याने दीड महिन्यात अकरा सदरे शिवले.

पुढे टिळकवाडीत बाळबाळंतिणीच्या कपड्यांचे छोटे दुकान चालवणाऱ्या एक बाई आत्याकडे आल्या. सदरा उलटसुलट पाहून म्हणाल्या, “काकू, मला साठ द्या. खरं कापड ऑरगॅनिक कॉटनचं पाहिजे, आणि शिवलेलं इथलंच. गिऱ्हाईक आता दोन्ही विचारतं.” भाव ठरला सदऱ्याला आठशे रुपये. आत्याचा उत्साह दांडगा. कापड मिळायच्या आधीच तिने पाचशे लेबले छापून आणली. त्यांवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत ‘सेंद्रिय कापूस’ असे छापले होते. आणि मला हुकूम झाला, “तू कॉमर्सवाला. कापड हुडकून आण.”

मी आधी बाजारात गेलो. एका ठोक व्यापाऱ्यासमोर उभा राहून ‘सेंद्रिय’ म्हणालो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे डॉक्टरांनी पाहावे तसे पाहिले. ‘ऑरगॅनिक’ म्हटल्यावर हसले. “अहो, कापूस काय प्लॅस्टिकच्या झाडाला लागतो? सुती ते सगळं ऑरगॅनिकच. लेबल हवं असेल तर मीटरमागे दोन रुपये जास्त द्या, छाप मारून देतो.” परत येताना मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही याची लाजही वाटली.

मग वडगाव-खासबागेतल्या मागांकडे गेलो. तिथे साड्यांचे माग रात्रंदिवस खडखडत असतात. घरात मराठी, शाळेत मराठी, पण माझे कन्नड गल्लीत आणि बाजारात शिकलेले. ते अशा वेळी कामी येते. एका वयस्कर विणकराने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, “नूल तंदु कोड्री, नेय्तीनि.” सूत आणून द्या, विणून देतो. त्यांचे म्हणणे सरळ होते. माग इथे आहे, हात इथे आहेत. पण साड्यांचे बीम उतरवून सदऱ्याच्या कापडाचा नवा ताणा चढवायचा तर शेकडो मीटर तरी विणायला हवे. मला लागत होते सव्वाशे मीटर. आणि सेंद्रिय सूत कुठून आणायचे, हा प्रश्न तर जिथल्या तिथेच होता.

या सुताचा माग काढत मी शेवटी शेतापर्यंत पोचलो. याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा माझा एक वर्गमित्र आहे. त्याचे मामा धारवाडजवळ कापूस पिकवतात. भाद्रपदातल्या एका रविवारी आम्ही दोघे बसने तिकडे गेलो. कपाशीला धारवाड परका नाही. ‘वरलक्ष्मी’ हे गाजलेले संकरित वाण १९७२ मध्ये धारवाडच्याच संशोधन केंद्रातून बाहेर पडले. आणि त्याही आधीपासून ‘जयधर’ नावाची देशी कपाशी या काळ्या मातीत पावसाच्या पाण्यावर येत असे. मामा म्हणाले, अडचण मातीची नाही, बियाण्याची आहे. आपल्या देशात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज कापसाखालच्या नव्वद टक्क्यांहून अधिक जमिनीवर तोच आहे. सेंद्रिय शेतीच्या नियमांत जनुक बदललेले बियाणे चालत नाही. रासायनिक खत आणि कीटकनाशक सोडणे एकवेळ जमेल. पण साधे बियाणे मिळवायचे, ते शेजारच्या बीटीपासून जपायचे, आणि जमीन शुद्ध मानली जाईपर्यंत दोन-तीन वर्षे कमी पिकावर भाव मात्र नेहमीचाच घ्यायचा, हे सोपे नाही. मामांनी दोन एकरांवर करून पाहिले होते आणि दुसऱ्या वर्षी सोडून दिले होते. हे त्यांनी आम्हांला लपवाछपवी न करता सांगितले.

परतीच्या बसमध्ये मित्राने मला एक शब्द दिला. मराठीत आपण ‘सेंद्रिय’ म्हणतो; कन्नडमध्ये त्यालाच ‘सावयव’ म्हणतात. दोन्ही शब्द संस्कृतातलेच. सेंद्रिय म्हणजे इंद्रियांसह, सावयव म्हणजे अवयवांसह. त्या दिवशी मला कन्नड शब्द अधिक नेमका वाटला. कारण शेतातून निघालेला कापूस सदरा होईपर्यंत किती अवयवांतून जातो! शेतकरी, मग सरकी काढणारा जिन, मग सूतगिरणी, मग माग, मग धुलाई-रंगाई, मग शिलाई. शंभर किलो कापसातून रुई निघते तीस-पस्तीस किलो, बाकी बहुतेक सरकी. या वाटेवर एका जरी ठिकाणी साधी रुई मिसळली तरी पुढचा सगळा माल साधा झाला. आणि गंमत अशी, की मिसळली हे कळायला मार्ग नाही. जाळून पाहिले तर सुती आणि पॉलिएस्टर यांतला फरक कळतो. सुतीला जळक्या कागदाचा वास येतो आणि भुरी राख होते. पण सेंद्रिय सूत आणि साधे सूत सारखेच जळतात. रुईत बीटीचा अंश आहे का, हे प्रयोगशाळेत कळू शकते. तोच कापूस रंगाई-धुलाईतून गेल्यावर ती परीक्षाही भरवशाची राहत नाही. म्हणजे सेंद्रियपण कापडात दिसत नाही, बोटांना लागत नाही. ते राहते फक्त कागदात.

आणि कागद म्हटल्यावर वाणिज्य शाखा आलीच. पुढचा महिना मी या कागदांचा अभ्यास केला, आणि सांगायला आनंद वाटतो की पहिल्या वर्षाची कीर्द-खतावणी इथे कामी आली. शेतीच्या टप्प्याला आपल्या सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आहे. तो २००१ पासून चालू असून ‘अपेडा’ ही संस्था तो पाहते. जिनपासून तयार कपड्यापर्यंतच्या टप्प्यांना ‘ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड’, थोडक्यात ‘गॉट्स’ म्हणतात ते मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती २००५ सालची. त्यात ‘ऑरगॅनिक’ म्हणवून घ्यायला किमान ९५ टक्के प्रमाणित सेंद्रिय धागा लागतो. किमान ७० टक्के असेल तर फक्त ‘सेंद्रिय धाग्यापासून बनवलेले’ एवढेच म्हणता येते. रंग, बटणे, शिवणीचा दोरा यांनाही नियम आहेत आणि कामगारांच्या वागणुकीलाही आहेत.

कापड विकत घेणाऱ्या लहान धंदेवाल्याने दोन कागदांत गफलत करू नये, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. पहिला ‘स्कोप सर्टिफिकेट’. हा गिरणीचा परवाना. ही गिरणी असा माल करायला पात्र आहे, एवढेच तो सांगतो. दुसरा ‘ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट’. तो त्या विशिष्ट मालाचा दाखला. हा एवढ्या किलोचा माल, अमक्याकडून तमक्याला गेला तो, सेंद्रियच आहे, असे तो सांगतो. वाहन चालवण्याचा परवाना खिशात असणे आणि आज सिग्नल न मोडणे यांत जो फरक, तोच या दोहोंत. शिवाय प्रत्येक टप्प्यावर आवक आणि जावक यांचा ताळा बसावा लागतो. शंभर किलो सूत आले आणि दीडशे किलो कापड गेले तर तेरीज जुळणार नाही, आणि चोर तिथेच सापडेल.

निदान सापडायला हवा. पण २०२० मध्ये गॉट्सच्या संस्थेनेच जाहीर केले, की भारतातला सुमारे २०,००० टन कापूस खोट्या दाखल्यांवर सेंद्रिय म्हणून विकला गेला होता. सरकारी संकेतस्थळासारखे दिसणारे बनावट संकेतस्थळ उभारून त्यावर हे दाखले दाखवले जात होते. अकरा कंपन्यांवर बंदी आली. जगात सर्वांत जास्त सेंद्रिय कापूस पिकवणारा देश आपलाच, आणि त्या नावावर डागही आपलाच. म्हणून दाखल्याची छायाप्रत हातात घेऊन समाधान मानू नये. त्यावरचा क्रमांक आणि गिरणीचे नाव मानकाच्या अधिकृत यादीत आपण स्वतः शोधावे, तारीख पाहावी, आणि आपण घेतो तोच माल त्यात लिहिला आहे ना, हेही पाहावे. टी-शर्टच्या कापडाचे प्रमाणपत्र सदऱ्याच्या कापडाला चालत नाही.

मी असेच केले. तमिळनाडूतल्या एका प्रमाणित गिरणीचे कोरे, म्हणजे न रंगवलेले, कापड एका विक्रेत्याकडून मिळण्यासारखे होते. गिरणीचे नाव यादीत सापडले. मी पाच मीटर नमुना मागवला. त्यावर पन्नास सेंटिमीटरचा चौकोन पेन्सिलीने आखून तीनदा धुतला, सत्तेचाळीस भरला. म्हणजे शेकडा सहा आटते, तेव्हा आधी भिजवून मगच कापायचे, असे आत्याने ठरवले. कापड मऊ होते. सगळे जुळत आले होते.

मग मी विक्रेत्याला विचारले, “सव्वाशे मीटरचा ट्रान्झॅक्शनचा दाखला द्याल ना?” ते म्हणाले, एवढ्याशा मालाला तो परवडत नाही, गिरणीच्या परवान्याची प्रत देतो, सगळे तेवढ्यावरच घेतात. आणि त्याच आठवड्यात नियम वाचताना मला दुसरी, त्याहून मोठी गोष्ट कळली. दाखला मिळाला असता तरी आत्याला ते लेबल लावता आले नसते. तयार कपड्यावर खूण यायची तर शिलाईचा टप्पाही प्रमाणित लागतो. म्हणजे आत्याच्या तीन मशिनींची दरवर्षी तपासणी आणि तिची फी. चौकशीत फीचा जो आकडा कळला तो ऐकून मी तो आत्याला सांगितलाच नाही. उलट दुकानवाल्या बाईंनी तिरुप्पूरच्या एखाद्या प्रमाणित कारखान्यातून तयार, खूण लावलेले सदरे आणून थेट गिऱ्हाइकाला विकले, तर त्यांना स्वतःला प्रमाणपत्राची गरज नाही. सावयव वस्तूचा शेवटचा अवयव म्हणजे माझी आत्या, आणि तिलाच त्या देहात जागा नव्हती.

त्या रात्री मी वहीत तीन ओळी लिहिल्या. दोन मीटर कापड, शिलाई १८०, दोरा-बटणे ३५, इस्त्री-पिशवी १५, वाहतूक २०.

पहिली ओळ: कोरे महाग कापड २६० रुपये मीटर. सदरा पडतो ७७० ला. उरतात ३०, साठ सदऱ्यांचे १,८००.

दुसरी ओळ: साधे सुती कापड १२० रुपये मीटर, वर आत्याचे छापील लेबल. सदरा पडतो ४९० ला. उरतात ३१०, साठ सदऱ्यांचे १८,६००.

तिसरी ओळ: साधे सुती कापड, आणि लेबलावर साधे सुतीच. भाव बाई देतील तो.

पहिल्या आणि दुसऱ्या ओळीतला १६,८०० रुपयांचा फरक डोळ्यांनी दिसत नाही, हातांना लागत नाही, आणि कुणी पकडण्याचीही भीती नाही. अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांला जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा निबंध सांगितला होता. जिथे गिऱ्हाइकाला चांगला माल आणि वाईट माल ओळखता येत नाही, तिथे चांगल्या मालाला त्याचा भाव मिळत नाही आणि तो हळूहळू बाजारातून उठतो. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. परीक्षेत या प्रश्नाला मला दहापैकी आठ गुण होते. पण त्या निबंधातला व्यापारी आपल्या घरातला असू शकतो, हे तेव्हा लक्षात आले नव्हते.

सकाळी आत्याला सांगितले. ती आधी चिडली. “सगळेच लिहितात की! कापड तर चांगल्या गिरणीचं घेणार ना आपण? मग खोटं कुठलं?” मी म्हटले, “असेलही खरं. खरं आपल्याला ते दाखवता येत नाही.” “दाखवता येत नाही ते लिहायचं नाही, असं म्हणतोस?” मी हो म्हटले. तिने बराच वेळ मशिनीच्या चाकावर हात ठेवला आणि मग ज्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते ते विचारले. “सांगायचंच नसेल, तर महाग कापड घ्यायचं कशाला?”

आमच्या गावात पाटीवर कोणती भाषा वर असावी यावर पुष्कळ बोलले जाते. आत्याच्या लेबलावर तिन्ही लिप्या गुण्यागोविंदाने नांदत होत्या, आणि जे आम्ही सिद्ध करू शकत नव्हतो तेच तिन्हींत छापले होते.

दुकानवाल्या बाईंना मी स्वतः जाऊन सगळे सांगितले. त्यांनी रागावून घेतले नाही. त्या धंदेवाल्या आहेत. साठाच्या चोवीस केल्या, आठशेचे साडेसहाशे केले, आणि बाकीचे सदरे तिरुप्पूरहून खूण लावलेले मागवले. तेही आपल्याच देशात शिवलेले, तेव्हा तक्रार कसली? तिसऱ्या ओळीसमोर मी आकडा लिहिला: चोवीस सदरे, प्रत्येकी १६०, एकूण ३,८४०. त्यांतून गल्लीतल्या दोघींची शिलाई आधीच वजा आहे, एवढेच समाधान.

आज त्या दुकानात दोन्ही सदरे एकाच दांडीवर टांगलेले असतात. एकावर खूण आहे. दुसऱ्यावर ‘शंभर टक्के सुती, शहापुरात शिवलेले’. दुसऱ्याचा पुढचा भाग अडीच इंच लांब आहे. ते लेबलावर लिहिलेले नाही. घालून पाहिल्यावर कळते.

माझे काही चुकले का, हे मी या वर्षभरात अनेकदा स्वतःला विचारले आहे. चार-सहा शिवणकाम करणाऱ्या बायकांनी मिळून एक ताणा भरण्याइतकी मागणी गोळा केली, एकत्र दाखला मागितला, एकत्र तपासणीची फी भरली, तर आत्याच्या पहिल्या ओळीतले तीस रुपये वाढतील असे मला गणिताने वाटते. त्यासाठी मी आता वडगावच्या त्या विणकरांकडे पुन्हा जाणार आहे. त्यांनी एवढेच विचारले होते, की सूत आणाल का.

नमुन्याच्या पाच मीटरांतून आत्याने वहिनीला दोन सदरे शिवले आणि उरलेल्यात बाळाची झबली बसवली. त्यांना लेबल नाही. छापलेली पाचशे लेबले मात्र वाया गेली नाहीत. त्यांची मागची बाजू कोरी आहे. आत्या त्यावर गिऱ्हाइकांची मापे लिहिते आणि छापील बाजू खाली करून कापडाला टाचते.